वेताळाची रजा

माझ्या लॅपटॉपमध्ये ‘देव_फायनल_३’ नावाची एक एक्सेल शीट आहे. तिच्यात अठरा देव आहेत. प्रत्येक देवाला एक ओळ आणि प्रत्येक ओळीत सहा रकाने: नाव, मुखवट्याचं वर्णन, शक्ती, पल्ला, अवधी, किंमत. किंमत सोन्याच्या नाण्यांत आहे. सर्वांत स्वस्त देव दोनशे नाण्यांना पडतो.

हे देव मी २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तयार केले. आम्ही कॉलेजातले पाच जण पाच शहरांत अडकलो होतो आणि दर शनिवारी रात्री व्हिडिओ कॉलवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचो. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी: हा पडद्यावरचा गेम नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली बाजारात आणला, तेव्हा घरोघरी कॉम्प्युटरच नव्हते. यात एक जण सूत्रधार होतो आणि एक जग रंगवून सांगतो. बाकीचे त्या जगातली पात्रं होतात. ‘मी दार ढकलते’ असं म्हणायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, आकडा चांगला आला तर दार उघडलं. थोडक्यात भातुकलीच, फक्त तिला जाडजूड नियमांचं पुस्तक.

सूत्रधार मी होतो. काही महिन्यांत ड्रॅगनचा कंटाळा आला. म्हणून मी स्वतःचं जग रचायला घेतलं. त्या जगात देव आकाशात राहत नाहीत, मुखवट्यांत राहतात. मुखवटा चेहऱ्यावर चढवला की तो आत्मा तुमच्या अंगात येतो, उतरवला की जातो. गेम डिझाइनच्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे. देव खिशात ठेवता येतो, हरवता येतो, चोरता येतो, विकता येतो.

कल्पना काही माझी एकट्याची नव्हती. निन्टेन्डोचा २००० सालचा ‘मेजोराज मास्क’ मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी, सबमिशनं बाजूला टाकून, पूर्ण खेळलो होतो. त्यातला नायक मुखवटे घालून वेगवेगळी शरीरं धारण करतो. त्यातले काही मुखवटे कसे तयार होतात ते मला तेव्हा जाणवलंच नव्हतं. मेलेल्या कुणाचं तरी काम अर्धवट राहिलेलं असतं. नायक एक धून वाजवून त्याला शांत करतो आणि मागे त्याचा मुखवटा उरतो. म्हणजे तो मुखवटा घालणं म्हणजे मेलेल्याचं राहिलेलं काम अंगावर घेणं. मी मात्र एवढंच लक्षात ठेवलं की अमका मुखवटा घातला की पोहता येतं आणि तमका घातला की गडगडत जाता येतं.

माझे अठरा देवही असेच निघाले. एक अदृश्य करायचा, एक भिंतीतून न्यायचा, एक शत्रूला तीन फेऱ्या घाबरवायचा. माझे खेळाडू लढाईच्या मध्यात टीशर्ट बदलावेत तसे देव बदलू लागले. आमच्यातली एक मैत्रीण सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दोष काढणं हा तिचा पगारी धंदा. ती एका शनिवारी म्हणाली, “हे देव नाहीत रे, हे प्लगिन आहेत.”

मला ते लागलं, कारण ते खरं होतं.

*

मग मी वाचायला घेतलं. कीथ जॉन्स्टन यांच्या ‘इम्प्रो’ या १९७९च्या पुस्तकात मुखवट्यांवर एक मोठं प्रकरण आहे. ते नटांना मुखवटा चढवायला लावत आणि लगेच समोर आरसा धरत. आरशात दिसणारा चेहरा जसा असेल तसा नट होऊन जायचा. जपानच्या नोह रंगभूमीवर रंगमंचाला लागूनच एक आरशाची खोली असते. नट तिथे मुखवटा चढवतो आणि स्वतःकडे बघत बसतो, मग बाहेर येतो. मुखवट्याला ते ‘ओमोते’ म्हणतात, म्हणजे नुसतं ‘मुख’. त्याची डोळ्यांची भोकं इतकी बारीक असतात की नटाला रंगमंचाचा अंदाज येण्यासाठी कोपऱ्यातल्या एका खांबाकडे बघत राहावं लागतं. केरळच्या तेय्यममध्ये बहुतेक वेळा मुखवटा नसतो, चेहरा रंगवलेला असतो. पण शेवटी त्या माणसाच्या हातात आरसा दिला जातो, आणि आरशात बघितल्यावर तो माणूस राहत नाही.

मी खूश झालो. खेळात नियम टाकला: मुखवटा चढवण्याआधी आरशात काय दिसतं ते खेळाडूने वर्णन करून सांगायचं. दोन शनिवार मजा आली. तिसऱ्या शनिवारी सगळे म्हणाले, “आरशात तेच दिसतंय, पुढे चला.”

दरम्यान मला वाटू लागलं होतं की हा खेळ छापावा. चाळीसेक पानांची पुस्तिका, चित्रं, पीडीएफ, थोडे पैसे. चित्रांसाठी मुखवट्यांचे फोटो हवे होते. आणि फोटो कुठे मिळतील हे मला पक्कं माहीत होतं, कारण त्या अठरा देवांपैकी निम्मे मी तिथूनच उचलले होते.

*

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. घर नाशिकला, पण नोकरी ठाणे जिल्हा परिषदेची. आंतरजिल्हा बदली मिळेपर्यंतची चार वर्षं आम्ही मोखाडा तालुक्यातल्या एका गावात काढली. पालघर जिल्हा २०१४ साली झाला, तेव्हा मोखाडा ठाण्यातच होतं. दुसरी ते पाचवी मी बाबांच्याच शाळेत होतो. दिवाळी झाली की वर्ग अर्धा रिकामा व्हायचा, कारण पोरांचे आईबाप वीटभट्ट्यांवर जायचे आणि पोरांनाही बरोबर न्यायचे. शिमग्याला सगळे परत. आणि शिमग्यानंतर, शेतीची कामं सुरू व्हायच्या आधी, बोहाडा.

बोहाडा म्हणजे रात्रभर चालणारी सोंगं. जव्हार-मोखाड्यापासून नाशिकच्या पश्चिमेकडच्या डोंगरापर्यंत आदिवासी गावांत तो होतो. कुठे भोवाडा म्हणतात, कुठे भवाडा. लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे मुखवटे, संबळ आणि सनई, पेटलेले टेंभे. आधी गणपती आणि शारदा येतात. मग रात्रभर एकामागून एक: मारुती, खंडेराव, त्राटिका, कुंभकर्ण, नरसिंह, रावण, वेताळ. पहाटेला देवी येते आणि तिची व म्हसासुराची लढाई होते. कुठलं सोंग कोणत्या घराने आणायचं हे बऱ्याच ठिकाणी पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं.

मी सात-आठ वर्षांचा असताना बाबांच्या मांडीवर बसून हे बघायचो. वेताळ आला की डोळे मिटायचो. बाबा कानात सांगायचे, “अरे, तो तुझ्या वर्गातल्या अमक्याचा बाप आहे.” मला ते पटायचं नाही. अमक्याचा बाप मी रोज बघायचो. तो लहानखुरा, हळू बोलणारा माणूस होता. समोर टेंभ्यांच्या उजेडात जे येत होतं ते लहानखुरं नव्हतं.

एक्सेलमध्ये मी वेताळाचं ‘वेथार’ केलं आणि त्राटिकेचं ‘त्राटेक्सा’. नावाच्या शेवटी ‘क्सा’ आलं की ते आपलं वाटत नाही, असा माझा हिशोब होता.

तो अमका अजूनही माझा मित्र आहे. त्याने आयटीआय केलं आणि नाशिकमधल्या एका कारखान्यात तो कंत्राटी कामगार आहे. मला तो ‘गुरुजी’ म्हणतो, बाबांमुळे. २०२३च्या सुरुवातीला मी त्याला फोन केला, खेळ समजावून सांगितला आणि मुखवट्यांचे फोटो मागितले. त्याने सगळं शांतपणे ऐकलं.

“वेताळ केवढ्याला ठेवलास?”

“पंधराशे नाणी.”

तो खूप वेळ हसला. मग म्हणाला, “आणि तुझ्या खेळात त्याला उचलतं कोण?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? कोण उचलतं? हे बघ गुरुजी, शिमग्यानंतर गावाला ये. बाप गेला पावसाळ्यात. या वर्षी मला उचलायचाय. फोटो मग बघू.”

त्याचे वडील गेल्याचं मला माहीत नव्हतं. मी फोन केला होता तो फोटोंसाठी.

*

त्र्यंबकेश्वर ओलांडून घाटातून खाली उतरलो तेव्हा दुपार टळली होती. तो आदल्या रात्रीच आला होता. त्याच्या घराच्या अंगणात एक म्हातारी त्याला झापत होती: तुझ्या बापाने माझा कोयता नेला होता, तो गेला, कोयता कुठंय? हा खाली मान घालून ऐकत होता.

रात्री त्याच्या काकांनी मला कामाला लावलं. मी प्रेक्षकांत बसायचं नाही, टेंभा धरायचा आणि वेताळाला हाताला धरून न्यायचं. “पुढे बघू नको,” काका म्हणाले. “लोकांकडे बघू नको. त्याच्या पायाकडे बघ.”

मुखवटा लाकडाचा होता, जुना, कपाळावर रंगाचे पापुद्रे. मी तो दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि परत ठेवला. काकांनी मित्राच्या डोक्याला, गालांना, हनुवटीखाली फडकी गुंडाळली, इतकी घट्ट की त्याला तोंड नीट उघडता येईना. त्यावर मुखवटा, त्यावर दोऱ्या. मला राहवेना. मी विचारलं, “आरसा नाही का?”

आतून घुमल्यासारखा आवाज आला, “मला कशाला दिसायला पाहिजे? तुम्हाला दिसलं पाहिजे.”

संबळ वाजायला लागला आणि आम्ही निघालो. आतून त्याला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. मान जरा झुकवली की पायापुढची वीतभर जमीन, बस. तीन पावलं पुढे, दोन मागे, एक गिरकी, आणि प्रत्येक गिरकीनंतर तो दिशा हरवायचा. मग माझा हात शोधायचा. तळहात घामाने निसटत होता. मी टेंभा खाली धरून त्याला खड्डा दाखवत होतो, दगड दाखवत होतो. त्याचे पाय अनवाणी होते. कारखान्यातल्या सेफ्टी शूजनी टाचेवर पडलेले घट्टे मला त्या उजेडात स्पष्ट दिसत होते.

माझ्या पाठीमागे पोरं किंचाळत होती. कुठलं तरी सात वर्षांचं पोर बापाच्या मांडीवर डोळे मिटून बसलं असणार. दुपारची म्हातारी गर्दीतून पुढे आली आणि वाकून त्या पायांना हात लावला. त्याच पायांना, ज्यांच्या मालकाला ती कोयत्यावरून झापत होती.

त्या रात्री गावात असलेल्या सगळ्या माणसांनी वेताळाचं तोंड बघितलं. बघितलं नाही ते दोघांनीच: एक जो आत होता आणि दुसरा मी.

फेरी संपल्यावर काकांनी दोऱ्या सोडल्या. मुखवटा घोंगडीवर ठेवला, समोर नारळ फोडला. मित्राच्या गालांवर फडक्यांचे वळ उठले होते, मान वळत नव्हती. त्याची आई न बोलता तेलाने मान चोळत बसली. चोळता चोळता एकदाच म्हणाली, “त्यांचीपण अशीच धरायची.”

पहाटे देवी आली, म्हसासुर पडला. सकाळी म्हातारी पुन्हा कोयता मागायला हजर. आणि मित्राने तोंड धुऊन नाशिकची गाडी पकडायची तयारी केली, कारण दुपारच्या पाळीला पोचायचं होतं.

“दोन दिवस बिनपगारी आहेत,” तो म्हणाला. “कारण काय सांगू साहेबाला? वेताळ व्हायचंय? सांगितलं, आजी वारली. सगळी सोंगं आणता येतात गुरुजी, पैशाचं सोंग आणता येत नाही.”

ही म्हण मी शंभरदा ऐकली असेल. ज्याने आदल्या रात्री खरोखर सोंग आणलं होतं त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकली.

जायच्या आधी मी विषय काढला. वेताळ खेळात घेऊ का? फोटो छापू का? तो म्हणाला, “माझ्या एकट्याचा आहे का तो? काकाला विचार.” काका तंबाखू मळत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“घे की. दर वर्षी उचलायला येणार ना? मग घे.”

*

नाही कोणीच म्हटलं नव्हतं. आणि तरी परतीच्या वाटेवर मला कळलं होतं की ‘हो’ पण मिळालेलं नाही. किंमत सांगितली गेली होती आणि ती नाण्यांत नव्हती.

गंमत म्हणजे मुखवट्यांचं दैवत रचताना असं करणारा मी पहिला नव्हतो. २००१ साली लेगो कंपनीने ‘बायोनिकल’ नावाची खेळणी आणली. एक बेट, सहा वीर, प्रत्येकाच्या तोंडावर शक्ती देणारा मुखवटा, आणि या सगळ्यांमागे झोपी गेलेला एक महान आत्मा. जगभरच्या पोरांना वेड लावलं त्यांनी. त्यातले बरेच शब्द माओरी भाषेतून उचलले होते. वीरांना ‘तोआ’ म्हटलं होतं, माओरीत तोआ म्हणजे योद्धा. मुखवट्यांना ‘कानोही’, म्हणजे चेहरा. आणि बेटावरच्या साध्या गावकऱ्यांना ‘तोहुंगा’. माओरी समाजात तोहुंगा म्हणजे विद्येचा, विधीचा अधिकारी माणूस. न्यूझीलंडमधल्या माओरींनी आक्षेप घेतला. कंपनीने काही नावं बदलली आणि तोहुंगांचे ‘मातोरान’ झाले. तोआ आणि कानोही तसेच राहिले.

ही गोष्ट मी आधीही वाचली होती आणि ‘नावं बदलली, प्रश्न मिटला’ असं समजून पुढे गेलो होतो. मी तर आधीच बदलली होती. वेथार, त्राटेक्सा. पण नाव बदलल्याने चोरी लपते, फिटत नाही. मी चेहरा उचलला होता आणि त्याच्याखालची मान तिथेच सोडली होती. एक्सेलमध्ये वेताळाने माणसाला काय मिळतं याचे तीन रकाने होते. वेताळ माणसाकडून काय मागतो याचा एकही नव्हता. दोन दिवसांचा पगार, मानेवरचे वळ, मेलेल्या बापाची जागा, आणि हात धरायला कोणीतरी, हे लिहायला मी जागाच ठेवली नव्हती.

मी निम्मे देव खोडले. उरलेल्या निम्म्यांकडे बघून वाटलं, हे खोडले काय, राहिले काय, सारखंच. पुस्तिकेचा नाद सोडला.

*

त्याच वर्षी भाद्रपदात आईचा फोन आला. तिच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं. “यंदा गौरी तू आणायच्यास.”

“मी?”

“मग काय स्टँड स्वतः चालत येणारेत?”

आमच्या घरी ज्येष्ठा आणि कनिष्ठा असतात. पितळी मुखवटे, पणजीच्या वेळचे. ज्येष्ठेच्या नाकाला एक पोचा आहे, तो कुणाच्या हातून पडून आला यावर घरात दोन मतं आहेत. वर्षभर ते मुखवटे जुन्या मऊ साडीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात असतात. मी लहानपणापासून ते बघत आलोय आणि गंमत बघा, मुखवट्यांचं जग रचताना, नोहपासून तेय्यमपर्यंत सगळं वाचताना, हे दोन मुखवटे मला एकदाही आठवले नव्हते. आमच्या घरी त्यांना कोणी मुखवटे म्हणतच नाही. ‘गौरी काढ’, ‘गौरी पूस’, ‘गौरींना नीट ठेव’.

दर वर्षी आई आणि शेजारच्या काकू त्यांना दारातून आत आणायच्या. बाबा जरा चुळबुळले, बायकांनी आणायच्या असतात वगैरे. आई म्हणाली, “बायका संपल्या. एकीचा गुडघा गेला, दुसरी मुलाकडे अमेरिकेत गेली. गौरींनी काय दारात उभं राहायचं?”

त्या दिवशी आमच्या टीमचा रिलीज होता. मी पोर्टलवर रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘पर्सनल’ लिहिलं आणि मित्राची वारलेली आजी आठवून हसू आलं.

सांगायला हवं की मी देव मानत नाही. घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि आईने ते कधी मनावर घेतलेलं नाही. मी ताटात दोन्ही मुखवटे घेतले, वर आईने खण घातला, आणि दारातून आत निघालो. जमिनीवर कुंकवाची पावलं होती, पण ताटामुळे मला खाली काहीच दिसत नव्हतं. आई भिंतीला धरून लंगडत पुढे चालली होती.

“हळू. डावीकडे उंबरा आहे. आता स्वयंपाकघर. थांब, गौरींना दाखव. हं, चल. पायाखाली पाट आहे.”

प्रत्येक खोलीत थांबलो. प्रत्येक खोलीत ती विचारायची, कोण आलं, आणि मला सांगावं लागायचं. पहिल्या खोलीत मी पुटपुटलो. तिसऱ्या खोलीत माझा आवाज जरा मोठा झाला. अंगात काही आलं नाही, उजेड पडला नाही. पण पितळ जड होतं, हात थरथरत होते, आणि ते खाली पडता कामा नये यापलीकडे त्या दहा मिनिटांत मला जगातली दुसरी कुठलीच गोष्ट महत्त्वाची वाटत नव्हती. रिलीजसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळी, आणि साड्यांच्या निऱ्या नीट करणारी आई. ती स्टुलावर बसून मला सूचना देत होती आणि मध्येच म्हणाली, “पुढच्या वर्षी तुला सगळं माहीत असेल.” मी मान हलवली. मला कळलं होतं की हे कौतुक नाही, हस्तांतरण आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर नॉलेज ट्रान्सफर.

*

त्या हिवाळ्यात मी नवी शीट उघडली. ‘देव_फायनल_४’.

यात अठरा नाहीत, पाचच आहेत. एका धरणाखालच्या गावातले आत्मे. सगळे मी रचलेले, कुठल्याही गावाच्या सोंगांतून न उचललेले. शक्तीचा रकाना मी शेवटी नेला. पहिला रकाना ‘काय मागतो’.

पायरी. या मुखवट्याला तोंड नाही. कुठलंही दार उघडतो. पण घालणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी आत जायचं, मागून काहीही येत असलं तरी.

उसनी. शेजारच्या पात्राची एक कला घेता येते. ती कला त्या पात्राकडून तोपर्यंत जाते, आणि ‘परत देतो’ असं शब्दांत म्हटल्याशिवाय परत येत नाही. विसरलात तर विसरलात.

जागल्या. अंधारात दिसतं, खोटं ओळखता येतं. पण घालणाऱ्या खेळाडूने, म्हणजे पात्राने नव्हे, खऱ्या माणसाने, खेळ संपेपर्यंत जागेवरून उठायचं नाही.

मुकी. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या घरांची नावं हिला ठाऊक. घालणाऱ्याने बोलायचं नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी बोलायचं आणि ते चुकीचं बोललं तरी ऐकून घ्यायचं.

जोडी. दोन मुखवटे. एकटा चालत नाही. दोघांपैकी कोणीही नको म्हटलं की दोन्ही बंद. ही कल्पना कुठून आली हे सांगायला नको. ती मी आमच्याच कपाटातून घेतली, आणि तिचं भाडं दर भाद्रपदात भरतो.

आणि सगळ्यांना लागू असा एक नियम. मुखवटा घालणाऱ्या खेळाडूने खरोखर डोळे मिटायचे. फासा कुठे पडला ते त्याने बघायचं नाही. शेजारी बसलेल्याने टेंभा धरायचा, म्हणजे काय दिसतंय ते सांगायचं. टेंभा धरायला कोणी तयार नसेल तर मुखवटा हे नुसतं लाकूड.

आता आम्ही पाचपैकी चौघं पुण्यात आहोत. एका शनिवारी माझ्या फ्लॅटवर जमलो. टेस्टर मैत्रिणीने मुकी घेतली. पाऊण तास ती डोळे मिटून, ओठ मिटून बसली. तिचा टेंभा धरणारा मित्र कॉलेजात असताना तिला कधीच वाक्य पूर्ण करू द्यायचा नाही. तो सुरुवातीला फटाफट बोलत होता. मग अडखळायला लागला. मग प्रत्येक वाक्याआधी तिच्या चेहऱ्याकडे बघायला लागला. शेवटी म्हणाला, “थांबा, तिला काय म्हणायचंय ते मला माहीत नाही.” त्या संध्याकाळी बाकी फारसं काही घडलं नाही. धरणही फुटलं नाही. एकाही शत्रूला कोणी मारलं नाही.

खेळ संपल्यावर मी तिला विचारलं, “प्लगिन?”

ती म्हणाली, “बग आहेत अजून. जोडीत एक लूप आहे, तो बघ.” आणि थोड्या वेळाने, चपला घालताना, “मुकी मला परत नको देऊस. जड आहे.”

ही पुस्तिका मी कधी छापेन की नाही, माहीत नाही. हे पाच देव अजून देव झालेले नाहीत, हे मला कळतं. देव बनवणं ही एका माणसाची एका शनिवारची गोष्ट नसावी. कोणीतरी उचलायला लागतं, कोणीतरी हात धरायला लागतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. रचणाऱ्याचं काम त्यातलं सगळ्यांत हलकं.

मित्राचा मधे फोन आला होता. यंदा बोहाड्याच्या वेळी पाळी बदलून मिळेल असं दिसतंय. आजी तर गेल्या वर्षीच वारली, त्यामुळे त्याने साहेबाला खरं काय ते सांगून टाकलं. साहेब म्हणे जरा गप्प राहिला आणि मग विचारलं, “वेताळ म्हणजे तोच का, मोठ्या दातांचा?”

“आणि गुरुजी,” मित्र म्हणाला, “टेंभ्याला तू आहेस ना? काका विचारत होता.”

मी पोर्टल उघडलं आणि दोन दिवस रजा टाकली. कारणाच्या रकान्यात या वेळी ‘पर्सनल’ लिहिलं नाही.